शेवटच्या नळाची चावी

मित्रांनो, चावी म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर खिशात मावणारी, कुलपाची चावी येईल. मी तिच्याच कुळातली, पण तिच्या मापाची नाही. मी उभी राहिले तर पाचवीतल्या मुलाच्या हनुवटीला लागते. वर आडवी मूठ, मध्ये जाडजूड दांडा आणि खाली चौकोनी खोबण. माझ्याने तिजोरी उघडत नाही की दार उघडत नाही, त्यामुळे मला आजवर कोणी चोरून नेलेलं नाही. मी पाणी उघडते. टाकीच्या पायथ्याशी खड्ड्यात पाणी सोडणारा-अडवणारा जो वॉल असतो, त्याच्या चौकोनी डोक्यावर मला बसवतात आणि फिरवतात. मग नळाला पाणी येतं. मी अशी एक जुनी पाण्याची चावी आहे आणि माझं सगळं आयुष्य नाशिकला चिकटलेल्या एका लहान गावात गेलं. गावाचं नाव सांगत नाही. सांगितलं तर आमच्या गावचे खंडेराव रागावतील; का, ते पुढे कळेलच.

माझा जन्म अंबडच्या एका वर्कशॉपमध्ये झाला. जन्म कसला, दुसरा जन्मच म्हणा. आधी मी कुठल्याशा मशिनीत बसणारी दांडी होणार होते. पण तपासणाऱ्या साहेबाने माझ्यावर लाल खडूने फुली मारली आणि मी कोपऱ्यातल्या ढिगात जाऊन पडले. रिजेक्ट माल! तिथे मी गंजत पडलेली असताना एके दिवशी इस्त्रीची पॅन्ट आणि पायात फौजेतले बूट घातलेला एक माणूस दारात येऊन उभा राहिला. उभा म्हणजे असा ताठ, की वेल्डिंग करणारा नाथाही चष्मा कपाळावर सरकवून उठला.

"नाथा," तो म्हणाला, "पान्ह्यानं फिरवून फिरवून आपल्या वॉलचं डोकं गोल व्हाया लागलंय. मला अशी चावी बनवून दे, की एकदा धरलं की सोडणार नाय."

"फौजी, तुमी कंदीपासून पाणी सोडाया लागले?"

"उद्यापासून," तो म्हणाला.

ते होते हवालदार पुंजाराम. फौजेतून नुकतेच निवृत्त होऊन आले होते. गाव त्यांना फौजी म्हणायचं. नाथाने ढिगातून मला ओढून काढलं, कापलं, तापवलं, मूठ जोडली, खोबण केली. फौजींनी मला उचलून तोललं आणि म्हणाले, "चांगली हाय. हिला फुली कोणी मारली?" मित्रांनो, आयुष्यात माझं पहिलं कौतुक ते. लोखंडाला गहिवरता येत नाही म्हणून, नाहीतर मी गहिवरलेच असते.

आता आमच्या गावाची रचना समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं कळेल. रस्त्याच्या कडेला पाण्याची टाकी. टाकीला लागून रस्त्याची आळी. तिच्यात दुकानदार आणि खंडेरावांसारखी जुनी शेतकरी घरं. तिच्यामागे मधली आळी. आणि सगळ्यात शेवटी टेकाड. टेकाडावर बुद्धविहार आणि त्याच्या दोन्ही अंगांना घरं. सातपूर-अंबडला पाळीवर जाणाऱ्या कामगारांची. फौजींचं घर टेकाडाच्या अगदी टोकाला होतं आणि त्यांच्या अलीकडचं घर गोजराबाईंचं.

गावाला पाईप एकच. पाणी एक दिवसाआड. आणि पाण्यासारखं आळशी दुसरं कोणी नसतं. उतार दिसला की पळतं, चढ दिसला की बसून राहतं. खालच्या दोन आळ्यांचे नळ चालू असले की पाणी टेकाडाकडे ढुंकूनही पाहत नाही. खालच्यांनी आपापलं भरून तोट्या बंद केल्या, तरच ते नाइलाजाने चढाला लागतं. माझ्या आधी काय व्हायचं, तर ज्याच्या हाताला पान्हा लागेल तो वॉल उघडायचा आणि त्याचं भरलं की बंद करायचा. टेकाडावरच्या बायका रिकामे हंडे घेऊन खाली यायच्या आणि मग नळावर जी जुंपायची, ती ऐकायला म्हणे एसटीतले लोकसुद्धा खिडकीतून डोकं बाहेर काढायचे.

फौजींनी विहारापुढच्या पायऱ्यांवर सगळ्या गावाला बोलावलं आणि एकच नियम सांगितला. ज्याच्या नळाला पाणी शेवटी येतं, त्याच्या हातात चावी.

खंडेराव तेव्हा तरुण होते. त्यांनी विचारलं, "असं का? टाकी तं माझ्या दारात हाय!"

"म्हणूनच," फौजी म्हणाले. "मी नवा भरती झालो, तव्हा आमच्या लंगरात एक हवालदार व्हता. सगळ्या पलटणीला वाढून झाल्याशिवाय स्वतःचं ताट घ्यायचा नाय. मी एकदा विचारलं, उस्ताद, तुमी आधी का नाय जेवत? तो म्हणला, मी आधी जेवलो तर मला वाटंल सगळ्यांची पोटं भरली."

खंडेरावांना हे पटलं की नाही ठाऊक नाही, पण ते पायरीवर परत बसले एवढं खरं. शेवटचा नळ फौजींचाच होता. चावी त्यांच्याकडे आली, म्हणजे मी आले.

तेव्हापासून आमचं काम ठरलेलं. उजाडता उजाडता फौजी मला खांद्यावर टाकून टेकाड उतरायचे. जणू बंदूकच. वॉल उघडायचा आणि मग मला खांद्यावर घेऊनच दोन्ही आळ्या पालथ्या घालायच्या. "भरलं असंल तर तोटी बंद करा! वरची तहानलेली हायेत!" त्यांचा आवाज कवायतीच्या मैदानातला. ज्यांचं भरलं नव्हतं तेही दचकून तोटी बंद करायचे. खंडेरावांनी नळाला चोरून मोटार लावली होती. ती पाणी ओढायची आणि टेकाडावर नळ फुसफुसायचा. फौजी भांडले नाहीत. ते खंडेरावांच्या दारासमोर जाऊन मला शेजारी उभी धरून विश्राममध्ये उभे राहायचे. एक शब्द बोलायचे नाहीत. येणारे-जाणारे विचारायचे, "काय झालं, फौजी?" तरी बोलायचे नाहीत. शेवटी मोटार बंद व्हायची, मग ते पुढे निघायचे. एका उन्हाळ्यात ती मोटार खंडेरावांनी स्वतःच काढून माळ्यावर टाकली. म्हणाले, "याला दारात उभा पाहून माझा चहा कडू लागतो."

मग टेकाड चढायचं आणि शेवटच्या नळाखाली, म्हणजे स्वतःच्या नळाखाली, हात धरायचा. आधी नुसती हवा येते. नळ सापासारखा फुसफुसतो. मग गुळणी टाकावी तसं गढूळ पाणी, आणि मग धार. तळहातावर धार घेतल्याशिवाय आणि टेकाडावरचे सगळे हंडे भरल्याशिवाय फौजी मला परत वॉलवर बसवायचे नाहीत.

तुम्ही म्हणाल, एवढा भला माणूस, मग सगळे त्याच्या पाया पडत असतील. छे! पाण्याच्या माणसाला आशीर्वाद थोडे आणि शिव्या भरपूर. त्यातल्या निम्म्या एकट्या गोजराबाईंच्या. त्या नवऱ्यामागे पोरंबाळं वाढवलेल्या, आवाजाने खणखणीत आणि जिभेने तिखट. पाणी यायला जरा उशीर झाला की त्या अंगणातून सुरू व्हायच्या, "ओ फौजीभाऊ! पाकिस्तानची हद्द राखली म्हनता, आन् गावचं पाणी राखता येईना? चावी हाय का शोभेची काठी?" फौजी आपल्या अंगणात तितकाच कोरडा हंडा घेऊन बसलेले असायचे. ते म्हणायचे, "गोजराबाई, माझा बी रिकामाच हाय. जोरात द्या शिव्या, खालच्या आळीत ऐकू गेल्या तर तोट्या लवकर बंद होतील." यावर त्यांच्या पत्नी लताबाई तोंडाला पदर लावून हसायच्या.

कौतुकाचेही दिवस आले. दसऱ्याला रस्त्याच्या आळीतले लोक अवजारांची पूजा करतात, तेव्हा ते मलाही झेंडूची माळ घालायचे. फौजींच्या घरात पूजाअर्चा नव्हती, पण ते कोणाच्या हाताला अडवायचे नाहीत. फक्त म्हणायचे, "फूल वाहा, पण जोडीला थोडं ऑइल बी लावा. फुलानं गंज जात नाय." हळूहळू गावातली भांडणंही त्यांच्या पायरीशी येऊ लागली. कोणाचा बांध, कोणाच्या पोराची भरती, कोणाच्या पेन्शनचा अर्ज. लोक म्हणायचे, जो माणूस स्वतःचं शेवटी भरतो, त्याच्या तोंडून आपल्या विरुद्ध निकाल गेला तरी चालतो. ते सरपंच कधी झाले नाहीत. पण सरपंचाला अडचण आली की तोही टेकाड चढायचा.

वर्षं गेली. नळाच्या तोट्या बदलल्या, पाईप दोनदा फुटला, हातोहाती मोबाईल आले. माझी मूठ झिजून गुळगुळीत झाली. आणि एक दिवस टेकाड चढताना फौजी मध्येच थांबले. मला जमिनीला टेकवून, माझ्यावर भार देऊन उभे राहिले. इतक्या वर्षांत ते माझ्यावर पहिल्यांदाच टेकले होते. मला भीती वाटली.

दवाखान्यात त्यांच्या छातीत स्प्रिंग घालावी लागली. डॉक्टरांनी निक्षून सांगितलं, चढ चढायचा नाही. त्यांचा मुलगा अमोल इंदिरानगरच्या एका बँकेत कारकून होता. त्याने रस्त्याच्या आळीत, टाकीपासून हाकेच्या अंतरावर घर घेतलं. दाराला एकसुद्धा पायरी नको म्हणून त्याने उंबरासुद्धा सपाट करून घेतला. बिऱ्हाड खाली आलं. टेकाडावरच्या घराला कुलूप लागलं आणि गावातला शेवटचा नळ आता गोजराबाईंचा झाला.

मित्रांनो, गंमत इथून पुढे बिघडली. सामान लावताना लताबाईंनी मला दाराआड उभी केली आणि हळूच म्हणाल्या, "अहो, आता आपलं घर पयलं झालं. हिला वर पोचवायची ना? नियम तं तुमचाच हाय."

फौजी माझ्याजवळ आले. त्यांनी माझ्या मुठीवरून हात फिरवला. त्या हाताला नोकरी उरली नव्हती, चढ उरला नव्हता; उरली होती ती मी. लोकही आर्जवं करू लागले. "फौजी, तुमच्याशिवाय कोणाला जमणार?" "तुमच्याकडंच राहू द्या." टेकाडावरचा धम्मपालसुद्धा येऊन म्हणाला, "नाना, नियम बियम असू द्या, तुम्ही आहात तोवर तुम्हीच." गोड बोलण्याने भलेभले वितळतात. फौजी तर दुखण्यातून उठलेले. त्यांनी मान डोलावली. मी दाराआडच राहिले.

पण नळाखाली हात धरायचा कसा? टेकाड तर बंद. अमोलने तोड काढली. "नाना, मोबाईलवर ग्रुप करू. तुम्ही विचारायचं, पाणी आलं का? लोक उत्तर देतील. चालायची गरजच नाही." ग्रुप झाला. पाण्याच्या दिवशी फौजी वॉल उघडायचे, ओट्यावर खुर्ची टाकून बसायचे आणि ग्रुपवर विचारायचे. लगेच अंगठे यायचे. आलं, आलं, आलं. समोर स्वतःचा नळ धो धो वाहत असायचा. मी भिंतीला टेकून सगळं पाहत असायचे. आळ्यांमधून फिरणं बंद झालं आणि तो कवायतीचा आवाजही. खालच्या लोकांच्या तोट्या जरा जास्त वेळ चालू राहू लागल्या. कोणी वाईट हेतूने केलं असं नाही. भरलेल्या हंड्यातून पाणी सांडलं तरी माणूस लगबगीने उठत नाही, एवढंच.

सुरुवातीला टेकाडावर उशिरा का होईना, पोचत होतं. आणि आश्चर्य म्हणजे गोजराबाईंचा आवाज येत नव्हता. फौजी एकदा लताबाईंना म्हणालेही, "गोजराबाई सुधारल्या वाटतं. शिव्या नाय आल्या कितीक दिवसांत."

"शिव्या इथवर ऐकू येत नायत," लताबाई म्हणाल्या.

मग गोजराबाईंची नात योगिनी, तिची हळद आली. योगिनी सातपूरच्या एका कारखान्यात नोकरीला. सगळ्या टेकाडाची लाडकी. हळदीचा दिवस नेमका पाण्याचा. गोजराबाईंनी मुद्दामच तसा धरला होता. पाहुणे येणार, जेवणावळ होणार, तर ताजं पाणी भरू. म्हणून आदल्या दिवशी सगळे हंडे, पिंप, घागरी रिकाम्या करून घासून, उन्हात पालथ्या घालून ठेवल्या होत्या. पाण्यावर एवढा भरवसा फक्त आमच्याच गावात. तो भरवसा फौजींनीच लावलेला होता.

त्या सकाळी फौजींनी वॉल उघडला. खुर्चीत बसले. ग्रुपवर विचारलं. अंगठे आले. समोर नळाला मनगटाएवढी धार. लताबाईंचं भरून झालं, शेजारच्यांचं झालं. फौजींनी घड्याळ पाहिलं, धार पाहिली, समाधानाने उठले आणि मला वॉलवर बसवून पाणी बंद केलं. मी कुरकुरले. मी नेहमीच कुरकुरते, त्यामुळे त्याचं त्यांना विशेष वाटलं नाही.

थोड्या वेळाने गोजराबाई आल्या. नवी साडी, कपाळाला घाम, कडेवर तांब्याचा हंडा. मला वाटलं, आता फुटणार ज्वालामुखी. पण त्यांनी तो हंडा फौजींच्या सपाट उंबऱ्यावर पालथा ठेवला आणि गप्प उभ्या राहिल्या. त्यांचं गप्प राहणं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

"काय झालं, गोजराबाई?"

"पाणी नाय आलं. नळ नुसता फुसफुसून गेला."

"असं कसं? ग्रुपवर तर सगळ्यांनी आलं म्हणून..."

"टेकाडावरचं कोण म्हणलं?"

फौजींनी मोबाईल डोळ्यांजवळ धरला. अंगठे पुष्कळ होते. रस्त्याच्या आळीचे, मधल्या आळीचे. टेकाडाचा एकही नव्हता. तिथली माणसं मांडवाच्या घाईत होती आणि गोजराबाईंकडे तर मोबाईलच नव्हता.

"माझ्या नळाला लय धार व्हती," फौजी म्हणाले. त्यांचा आवाज खाली गेला होता.

"तुमच्या नळाला धार व्हती, म्हून बंद केलं?" गोजराबाई म्हणाल्या. "फौजीभाऊ, एवढी वर्सं मी तुमाला शिव्या घातल्या. पन माझा नळ कोरडा असला की तुमचा बी कोरडाच असायचा. म्हून शिव्या द्यायला हक्क वाटायचा. आज तुमचं अंगण ओलं हाय. आज शिवी बी तोंडातून येईना."

फौजींनी अंगणाकडे पाहिलं. नळाखाली सांडलेल्या पाण्याचा ओहळ दारातून रस्त्याकडे निघाला होता. लंगरातल्या त्या उस्तादाचं वाक्य त्यांना आठवलं असणार, कारण ते मटकन खुर्चीत बसले. मला त्यांची दया आली आणि रागही आला. दोन्ही एकदमच आले.

पण फौजी बसून राहणारे नव्हते. ते उठले, मला उचललं, वॉल पुन्हा उघडला. टाकीतून दोन उचक्या आल्या आणि संपलं. टाकी रिकामी झाली होती. वर मांडवात आचारी डाळ निवडून पाण्याची वाट पाहत बसले होते आणि सिन्नरकडच्या पाहुण्यांचा टेम्पो वेशीत येऊन ठेपला होता.

तेव्हा फौजी रस्त्याच्या मधोमध उभे राहिले आणि ओरडले. तो जुना आवाज, कवायतीचा. "रस्त्याची आळी! मधली आळी! हंडे उचला! योगिनीच्या हळदीला पाणी नाय! चूक माझी हाय, हंडे तुमचे द्या!"

पहिला हंडा लताबाईंनी उचलला. दुखऱ्या गुडघ्यांनी त्या टेकाडाच्या पायथ्यापर्यंत गेल्या. तिथून धम्मपालने आणि वरच्या पोरांनी हातोहात वर नेला. मग एकेक दार उघडत गेलं. फौजी चढाकडे निघाले, तर लताबाईंनी त्यांचा दंड धरला. "तुमी नाय. स्प्रिंग निघाली तं पोरीच्या हळदीला सुतक आणाल." ते पायथ्याशीच थांबले. एवढ्यात खंडेराव आले. मागे त्यांच्या गड्याच्या डोक्यावर माळ्यावरची ती जुनी मोटार आणि मळ्यातल्या काळ्या पाईपाचं भेंडोळं.

"फौजी, बाजूला व्हा," खंडेराव म्हणाले. "माझी गच्चीवरची टाकी भरलेली हाय. हंड्यानं किती नेणार? हिनं टेकाडाचं पाणी लय ओढलं; आज उलटं ढकलू दे तिला."

आणि मित्रांनो, त्या मोटारीने खरंच पाणी टेकाडावर चढवलं. हळद जराशी उशिराने लागली, पण लागली. खालच्या दोन्ही आळ्या जेवायला वर होत्या. पायथ्याशी फक्त फौजी होते. योगिनीची मैत्रीण तेजल त्यांचं ताट घेऊन खाली आली, तर ते म्हणाले, "वरची पंगत उठली का? उठली की घेऊन ये." तिला परत पाठवलं आणि शेवटची पंगत उठल्यावरच जेवले.

लग्न पार पडल्यावर विहाराची बैठक झाली. या वेळी पायथ्याला, फौजींसाठी. फौजींनी मला सगळ्यांसमोर जमिनीवर आडवी ठेवली.

"शेवटचा नळ कोणाचा हाय?" त्यांनी विचारलं.

अमोल म्हणाला, "नाना, आपण वेळेवर आपोआप उघडणारं यंत्र बसवू. कोणाच्या हातात चावीच नको."

"यंत्राच्या नळाला पाणी येतं का?" फौजी म्हणाले. "नाय येत. मग त्याला तहान कशी कळंल?"

सगळे गोजराबाईंकडे पाहू लागले. गोजराबाईंनी पदर खोचला. "मला नको बाई! बाईमाणसानं वॉल फिरवायचा? आन् सगळा गाव मला शिव्या देईल."

"देईल ना," फौजी म्हणाले. "पण तुमी मला दिल्या तेवढ्या देणारं कोणी या गावात उरलेलं नाय."

हशा पिकला. गोजराबाई हसल्या नाहीत. त्यांनी खाली वाकून मला उचललं. मी जड आहे. त्यांनी मला खांद्यावर टाकलं नाही, कडेवर घेतलं, हंड्यासारखी.

आता मी टेकाडावर असते. गोजराबाई मला राखेने घासतात आणि खोबणीत बोट घालून तेल लावतात. पाण्याच्या दिवशी वॉल उघडून त्या आळ्यांमधून फिरतात. त्यांना ओरडायची कला कोणाला शिकवावी लागली नाही. लोक त्या दिसायच्या आधीच तोट्या बंद करतात. एक दिवस तर मी गमतीचा प्रकार ऐकला. फौजी स्वतःच ओट्यावरून ओरडत होते, "गोजराबाई! आमचं एक पिंप राह्यलंय! चावी हाय का शोभेची काठी?" गोजराबाई मागे न पाहता म्हणाल्या, "वरती पोचल्यावर बघू!" फौजी इतके खूश झाले की लताबाईंना हाक मारून त्यांनी ते उत्तर पुन्हा सांगितलं.

मित्रांनो, मी लोखंडाची आहे; जपलंत तर तुमच्या नातवंडांनाही पाणी देईन. मला तेल लावा, उन्हापावसात टाकू नका, वॉलवर हातोडा मारू नका. पण एवढ्यावर भागत नाही. तुमच्या नळाला धार आली की गावाला पाणी आलं असं समजू नका. वर कोणी राहत असेल, तर तोटी बंद करा आणि विचारा. त्याने अंगठा दाखवला नसेल, तर मुद्दाम विचारा.

आमच्याकडे आता अशी रीत पडली आहे. टेकाडावरचा शेवटचा हंडा भरला की गोजराबाई आपल्या नळाखाली एक तांब्या भरतात. मला एका हातात आणि तांब्या दुसऱ्या हातात घेऊन टेकाड उतरतात आणि वॉलकडे जाण्याआधी फौजींच्या ओट्यापाशी थांबतात. नुसता तांब्या पुढे करतात. फौजी खुर्चीतून उठून उभे राहतात, ताठ. तळहात पुढे धरतात. गोजराबाई त्यावर टेकाडाच्या नळाची बारीक धार धरतात.

"आलं," फौजी म्हणतात. "आता बंद करा."

मग मी फिरते.